बोगनवेलीआडचं डांगर

अनुसयाची जीभ म्हणजे तिखटाचा डबाच! बमरोलीच्या त्या चाळीत खानदेशातून सुरतेला आलेली वीस-पंचवीस घरं, पण तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दाराशी तिनं डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावला होता. ताणे टाकत टाकत त्यानं शेजारच्या सुंदराच्या बोगनवेलीचं कुंपण कधी गाठलं, कळलंही नाही. दोनच डांगरं धरली. त्यातलं मोठं सोमवारी सकाळी दिसेना.

झालं! नळावर पाणी भरताना अनुसयानं सुंदराचा हात धरला. कोपरापर्यंत ओरखडे. तो सगळ्यांना दिसेल असा वर धरून ती ओरडली; रागात तिच्या तोंडात अहिराणीच यायची.

"दखाड, समदास्ले दखाड तुना हात! डांगर चोरलं, अन् काट्यांनीच पकडून दिलं!"

सुंदरा माहेरची वऱ्हाडातली, शांत बाई. "वहिनी, माह्या अंगणात येऊन तं पाहा," एवढंच म्हणाली.

"चोराच्या अंगणात पाय ठेवत नाही मी!"

सगळ्या बाया बघत राहिल्या. सुंदरा अर्धाच हंडा उचलून गेली.

संध्याकाळी अनुसयाची नववीतली उज्ज्वला कात्री घेऊन निघाली. "बोगनवेलीचा काटा आणि डांगराचा ताणा, दोन्ही वहीत चिकटवायचेत. दोन्ही खोडाचीच रूपं, मम्मी. काट्यानं झाड स्वतःला राखतं, ताण्यानं वर चढतं." आणि पोरगी सरळ सुंदराच्या अंगणात शिरली. तिथूनच शाळेतल्या गुजरातीत ओरडली, "मम्मी, जो तो खरी! बघ तरी!"

काटा रुतला की काय, म्हणून अनुसया धावली. पाय ठेवायचा नव्हता, हे विसरूनच गेली.

डांगर तिथंच होतं, अनुसयाच्या दारातून दिसेना असं बोगनवेलीआड सरकलेलं. ताण्यांनी काटेरी फांद्या घट्ट धरल्या होत्या, पण वजनानं देठ चिरत आला होता. म्हणून कुणीतरी काट्यांत हात घालून डांगराखाली झोळी बांधली होती. झोळी कशाची? संक्रांतीला अनुसयानंच वाण दिलेल्या हिरव्या ब्लाउजपीसची.

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. इतकी लाज उभ्या जन्मात वाटली नव्हती. त्यात पोरगी टक लावून बघत होती.

सुंदरा दारात आली.

"चुकलं बाई माझं," अनुसया पुटपुटली. सकाळी अख्ख्या चाळीला ऐकू गेलेला आवाज आता हातभरही पोचेना.

"मले नका सांगू," सुंदरा म्हणाली. "नळावर बोलल्या ना तुमी? तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाया हंडे घेऊन नळावर आल्या, तेव्हा अनुसया सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. रिकाम्या हातांनी.