पिवळा ठिपका थांबत नव्हता

चिमी बावन्न वर्षांची होती, केस निम्मे पिकले होते, तरी वहिनीसाठी ती चिमीच. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा चिमी नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिच्या घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना शेजारी बसण्यापर्यंत सगळं वहिनीनंच केलं. नणंद-भावजयीचं नातं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं लोक म्हणतात. या दोघींचं तसं नव्हतं. मधली दोन वर्षं सोडली तर.

चिमी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणाच्या हिरड्या चढवायची आणि त्यात एकेक दात बसवायची. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र दिवसभर रिकामे. म्हणून तिला पुस्तकं ऐकायचा नाद लागला. कानात इयरफोन घालून बसलं की मालकाची हाक ऐकू येत नाही आणि मालक चिडतो, म्हणून तिनं कानापुढच्या हाडावर टेकणारा हेडफोन घेतला. कान मोकळेच, आवाज जणू हाडातूनच आत उतरायचा. मशीन घरघरत असायचं, मालक कुरकुरत असायचा आणि या सगळ्याच्या खालून कुणीतरी तिला एकटीला गोष्ट सांगत असायचं. दोन वर्षांत तिनं शंभरावर पुस्तकं ऐकली. एवढी तिनं जन्मात वाचली नव्हती.

वहिनीला हे वेड तिनंच लावलं. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. तीस वर्षं काळ्या कापडावर काळी रेघ पाहून पाहून तिचे डोळे गेल्यात जमा होते. चिमीनं तिला चार छोटे स्पीकर आणून दिले. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, झोपायची खोली आणि बाथरूमबाहेरचा बोळ. वहिनी जाईल तिथं पुस्तक तिच्या मागोमाग. "अगं, घरात माणूस वावरल्यासारखं वाटतं," वहिनी म्हणाली होती.

आणि मग त्यांना ते 'जोडीनं ऐका' सापडलं. दोन घरांत दोघी, पण पुस्तक एकच. फोनवर एक आडवी रेघ यायची. तिच्यावर चिमीचा निळा ठिपका, वहिनीचा पिवळा. कोण कुठवर आलंय ते दुसरीला दिसायचं. एक बटण दाबलं की दुसरी जिथं असेल तिथं जाऊन पोचता यायचं. वेगावरून भांडण झालंच. चिमीला सव्वापट वेग लागे, वहिनीला पाऊण. "तुझी ती बाई गाडी सुटल्यासारखी वाचते," वहिनी म्हणायची. शेवटी वाचणारीचा मूळ वेगच ठरला. रोज सकाळी अकरा ते बारा, उजेडात.

उजेडात अशासाठी, की हल्ली दोघी एक भीतीचं पुस्तक ऐकत होत्या. डोंगरातलं एक बंद पडलेलं आरोग्यधाम. राखणीला ठेवलेली एकटी परिचारिका. रोज सकाळी ती उठून पाहते, तर रिकाम्या दालनातल्या एका खाटेवरची चादर चुरगळलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या अलीकडच्या खाटेवरची. वाचणारी बाई इतक्या कोरड्या, शांत आवाजात वाचायची, की त्या शांतपणानंच अंगावर काटा यायचा. वहिनीला भीतीही वाटायची आणि सोडवायचंही नाही. दर पाच मिनिटांनी ती पुस्तक थांबवायची, पाणी प्यायची, दार किलकिलं करून जिन्यात डोकावायची, मग पुढे. पिवळा ठिपका चालायचा, अडायचा, चालायचा. निळा त्याच्यासाठी थांबायचा. दोघींनी शपथ घेतली होती: नवीन प्रकरण एकटीनं ऐकायचं नाही. ऐकलेलंच परत ऐकायचं असेल तर खुशाल.

त्या दिवशी साडेनऊला चिमीनं फोन पाहिला, तर पिवळा ठिपका चौदाव्या प्रकरणात. आदल्या दिवशी दोघी अकरावं संपवून थांबल्या होत्या.

चिमीला आधी हसू आलं, मग राग. लहान मुलीसारखा राग. तिनं लिहिलं, "एकटीनंच ऐकायचं होतं तर शपथा कशाला घातल्या?" उत्तर आलं नाही. ठिपका पुढे सरकत राहिला. मग तिनं आणखी लिहिलं, "ऐका तुम्ही."

त्यातलं 'तुम्ही' तिनं मुद्दाम लिहिलं होतं. मधल्या दोन वर्षांत ती वहिनीला तुम्ही म्हणत होती.

फोन उपडा ठेवून तिनं काम ओढलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाची खालची कवळी होती. सहा दात बसवले, चार वाकडे बसले, काढले. मालक मागून बघून गेला. "आज कवळीवर कसला राग?" म्हणाला. तिनं पुढचा दात उचलला.

अकरा वाजले. वहिनी लाजून मागे येईल, फोन करेल, 'राहवलं नाही गं' म्हणेल, असं तिला वाटत होतं. तिनं फोन उलटला. पिवळा ठिपका सतराव्या प्रकरणात होता. चिमी त्याच्याकडे बघत राहिली. एक मिनिट. पाच मिनिटं. ठिपका चालत होता. कुठं अडत नव्हता.

दहा मिनिटं झाली. हातातली मेणाची सुरी तशीच राहिली. वहिनी आणि न थांबता? पाणी न पिता, जिन्यात न डोकावता, सलग तीन तास?

तिनं फोन लावला. रिंग जाऊ लागली तसा पिवळा ठिपका थांबला. चिमीचा जीव भांड्यात पडला. रिंग वाजून वाजून बंद झाली. आणि ठिपका आपला आपण पुन्हा चालू लागला.

परत लावला. ठिपका थांबला, रिंग संपली, ठिपका चालू लागला. तिसऱ्यांदाही तेच. फोन शाबूत होता, पुस्तक शाबूत होतं. त्यांना हात लावणारं माणूस तेवढं नव्हतं.

ती अ‍ॅप्रन काढून निघाली तेव्हा मालक दारात आडवा आला. "संध्याकाळी कवळी द्यायचीय!"

"त्यांना म्हणावं आजचा दिवस गिळून खा," ती म्हणाली आणि जिना उतरली.

टॅक्सी मिळाली. वहिनीचं घर शहराच्या पलीकडच्या टोकाला, जायला चाळीस मिनिटं. हेडफोन अजून डोक्यालाच होता. काय सुचलं कोण जाणे, तिनं ते बटण दाबलं आणि वहिनीच्या ठिकाणी जाऊन पोचली. कोरडा, शांत आवाज हाडातून आत उतरला. परिचारिका हातात कंदील घेऊन खाटा मोजत होती. हेच वाक्य आत्ता, याच क्षणी, त्या घरात चार स्पीकरांतून घुमतंय, चिमीच्या मनात आलं. तिथं ते कुणाच्या कानावर पडतंय का? की भिंतीच ऐकतायत? बंद करावंसं वाटत होतं आणि करवत नव्हतं. तेवढाच एक धागा होता त्या घरापर्यंतचा.

आणि मग तिला नको ते आठवलं. दादा गेला त्या दिवशी सकाळी त्याच्या छातीत दुखत होतं. पित्त असेल म्हणून वहिनीनं त्याला पडून राहायला सांगितलं आणि दुपारी दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार माणसांसमोर, चिमीनं विचारलं होतं, "चार तास काय करत होता तुम्ही?" चिमीनं पर्समधून त्या घराची किल्ली काढून बाकावर आपटली होती. नंतर सगळं निवळलं. पण ती किल्ली परत मागायचं काही तिच्यानं झालं नाही.

साडेनऊ ते अकरा. दीड तास. तिनं बोटांवर मोजलं, जणू मोजून कमी होणार होता.

वहिनीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी कपाटाचं काम चाललं होतं. चिमी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली. दाराआडून तो आवाज येत होता. हेडफोनमध्ये एक शब्द, दाराआडून तोच शब्द अर्ध्या क्षणानं मागून. तिनं हेडफोन ओरबाडून काढला.

"वहिनी!"

आत बाई वाचत होती. चिमीनं दार बडवलं. समोरचं दार उघडून शेजारीणबाई बाहेर आल्या.

"आहेत की घरात. सकाळपासून बोलणं चाललंय."

"ती नाही हो बोलत! पुस्तक आहे ते!"

शेजारीणबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे... नऊच्या सुमाराला कुणीतरी ओरडलं होतं. 'कुणी आहे का' म्हणून. दोनतीनदा. मला वाटलं, त्या पुस्तकातलीच बाई."

चिमी जिन्याच्या कठड्याशी आली आणि खाली वाकून सुताराला हाक मारली. तिचा आवाज ऐकून तो पटाशी-हातोडीसकटच धावत आला. त्यानं कुलपाशी कान लावला. "आत बोलतंय कुणीतरी," म्हणाला.

"तोड!"

तीन घावांत कुलूप सुटलं. आत सगळीकडे तो आवाज होता. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, एकसारखा, न घाबरलेला. ओट्यावर फोन चार्जिंगला लावलेला. चिमी आवाजातून वाट काढल्यासारखी आत गेली आणि बोळाच्या तोंडाशी थबकली.

वहिनी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडली होती. कपडे ओले, उजवा पाय तिचा वाटू नये असा बाहेर वळलेला. ओठ निळसर. डोक्यावरच्या फळीवर स्पीकर, तिच्या हातापासून वीतभर उंच. डोळे उघडे होते. चिमीला वाटलं, संपलं सगळं.

मग ते डोळे हलले.

"आधी," वहिनी म्हणाली, "ती बाई बंद कर."

चिमीनं स्पीकरची वायर भिंतीतून उपटली आणि तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडली. रडतच तिनं वहिनीच्या अंगावर चादर घातली. सुतारानं बाकीचे स्पीकर बंद केले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना आत यायचा धीर होत नव्हता.

मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, ओल्या कपड्यांत आणखी दोनतीन तास गेले असते तर मग काही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी वहिनीला उशाला टेकून बसता आलं. चिमीनं चार दिवस घोळवलेलं वाक्य एका दमात टाकलं. "वहिनी, मी साडेनऊलाच पाहिलं होतं. मी दीड तास रुसून बसले."

"माहितीये."

"कसं?"

"फोन वाजला ना टिंग करून. दोनदा. म्हटलं, चिमी चिडली. एरवी इतक्या सकाळी कोण मला लिहितंय?" वहिनीनं पांघरूण सारखं केलं. "बरं वाटलं बघ. चिडलीय म्हणजे बघतेय. बघतेय म्हणजे कधीतरी डोक्यात प्रकाश पडेल तिच्या."

"आणि नसता पडला तर?"

"तेही आलं मनात," वहिनी म्हणाली. "दर थोड्या वेळानं यायचं. आंघोळीआधी म्हटलं कालचं शेवटचं जरा परत ऐकू, पाय घसरला, आणि ही बाई पुढे पुढेच चालली. मी ओरडायचे आणि ही माझ्यावरून बोलायची. नंतर मी ओरडणंच सोडलं. ऐकत राहिले. झोप यायची फार. ती खाटा मोजायची, मीही मोजायचे. झोपायचं नाही एवढंच."

चिमीनं वहिनीचा हात धरला. तो आता ऊबदार होता, तरी तिनं तो दोन्ही हातांनी चोळला.

दवाखान्यातल्या दुपारी लांब असतात. वहिनी म्हणाली, "तू ऐकलं नाहीस ना बाराव्यापासून? मी सांगते." आणि ती सांगू लागली. रोज एक प्रकरण. पाऊण वेगानं, मधेच थांबून, पाणी पिऊन. चिमी लॅबमधून तडक यायची आणि खुर्चीत पाय वर घेऊन ऐकायची. वहिनी चांगलं सांगायची. सोळाव्या प्रकरणात खाटेवर झोपून जाणारा तो एकदाचा येतो. भांडंभर पाणी घेऊन येतो आणि परिचारिकेच्या उशाशी जमिनीवर बसतो. ती तहानलेली असते, पण तो पाणी देत नाही. नुसता बसून राहतो.

चिमीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, तिनं हेडफोन लावला आणि सोळावं प्रकरण काढलं. मन लावून ऐकलं. मग सतरावं, मग पंधरावंही. त्यात पाण्याचं भांडं नव्हतं. उशाशी बसणारं कुणी नव्हतं. पुस्तकातल्या खाटांवर कोण झोपतं ते या तिन्ही प्रकरणांत कुठंच दिसत नाही.

ती बराच वेळ समोरच्या साच्यातल्या दातांकडे बघत बसली. मालकानं हाक मारली, ती ऐकू आली, पण उठवेना.

दुपारी ती गेली तेव्हा वहिनी वाटच पाहत होती. "कुठवर आलो होतो गं?"

सांगावं की नाही, चिमीला ठरवता येईना. "तो पाणी घेऊन येऊन बसतो तिथवर," ती म्हणाली. मग न राहवून तिनं विचारलं, "दिसायला कसा होता तो, वहिनी?"

"तोंड कुठं दिसलं? गुडघे तेवढे दिसत होते, मी खाली होते ना." वहिनी थांबली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "घाई नव्हती त्याला. अजिबात घाई नव्हती."

चिमीनं खुर्ची खाटेला भिडवली आणि पाण्याचा ग्लास उचलून वहिनीच्या ओठांना लावला. "आधी हे पी," ती म्हणाली. "सगळं पी. मग सांग."