उजवी कळी

माझे यजमान गोकुळदास देवाला विचारल्याशिवाय शेळीसुद्धा विकत घ्यायचे नाहीत. मला बघून गेले तेव्हाही त्यांनी म्हणे देवळात कळ्या लावून घेतल्या होत्या. उजवी पडली म्हणून मी त्यांची बायको झाले. डावी पडली असती तर मी आज कुठे असते, हा विचार मी पुष्कळदा केलेला आहे, विशेषतः भांडण झाल्यावर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पिटकुळीच्या लाल कळ्या गुरव तीर्थात बुडवतो आणि देवाच्या अंगावर चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवाच्या कानावर घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. एकही पडली नाही तर देवाला बोलायचं नाही असं समजून घरी जायचं.

आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. लग्न झाल्यावर डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर आलो. गोकुळदास तिथे माती उपसायचं मशीन चालवायचे. एकवीस वर्षं चालवलं. आमची खोली खाणीच्या तोंडाशीच होती. तांदूळ चार वेळा धुतले तरी पाणी तांबडं, आणि सकाळी झाडलेली जमीन दुपारी पुन्हा तांबडी. मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेली तेव्हा मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं, निदान ती तरी सुटली म्हणून. पण यांच्या छातीत ती धूळ जाऊन बसली. खोकायला लागले की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबायचे नाहीत. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडासमोर धरून बघितला आणि म्हणाले, "इथून हला. धूळ नसेल तिथे राहा. माझी औषधं त्यानंतर."

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. चहाच्या दुकानात शिरलं की कोकणी का मराठी, यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. आमच्या खोलीत भांडणाचा विषय एकच, घर कुठे घ्यायचं. यांना गावी परत जायचं नव्हतं, भावांशी पटत नव्हतं. शेवटी कुणीतरी कृष्णनाथ गावकरांचं नाव सांगितलं.

कृष्णनाथ म्हणजे खाणीपासून दूरच्या एका गावचा पहिल्या मानाचा गावकर. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचं एक रिकामं घर होतं. कौलारू, पुढे बसायला दगडी सोपे असलेला बाल्कांव, मागे दोन फणस. वाट देवळापाशीच संपत होती. घराच्या समोर देवाची राई. त्या राईतली सुकलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. राईच्या मागे वनखात्याचं राखीव रान, पिवळी पाटी लावलेलं. एवढं हिरवं मी गाव सोडल्यानंतर बघितलंच नव्हतं.

"हांगा गाडी म्हळ्यार पोदेराची सायकल," कृष्णनाथ म्हणाला. "मुखार राय देवाची, फाटल्यान रान सरकाराचें. हांगा आनी कोण येतलो?" पाववाल्याच्या सायकलीशिवाय इथे कोण येणार, असं त्याचं म्हणणं.

गोकुळदासांनी अंगणात उभं राहून एक लांब श्वास घेतला. तो मध्ये अडकला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लहान पोराला गोड मिळावं तसे हसले. मला त्याच क्षणी ते घर हवं झालं. आयुष्यात मी काही इतकं मागितलेलं नाही.

पण आमचे साहेब म्हणाले, "देवाक विचारल्याशिवाय नको गो."

सोमवारी देवळात गेलो. सगुण गुरवाने कळ्या लावल्या, घर घ्यावं की नाही ते विचारलं. आम्ही तासभर हात जोडून उभे. कळ्या जागच्या हलल्या नाहीत. दुपार झाली, यांना उभं राहवेना. "देवाच्या मनात नाय," म्हणाले आणि चपला घालून निघाले. वाटेत कृष्णनाथ भेटला. म्हापशाचं एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार आहे, म्हणाला.

त्या रात्रीचा यांचा खोकला ऐकून माझं डोकं फिरलं. देवाला बोलायचं नव्हतं, पण डॉक्टर तर स्पष्ट बोलले होते. पुढच्या रविवारी मी मुलीकडे जाते असं सांगून बसमध्ये बसले ती सरळ सगुणाच्या दारात उतरले. चतुर्थीला म्हणून घेतलेलं कोरं लुगडं त्याच्या बायकोच्या हातात दिलं आणि म्हटलं, "उद्या माझा माणूस परत येईल. मी आणते त्याला. उजवी पडायला हवी."

सगुण रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने कानामागची विडी काढली, पेटवली. "वयनी," तो म्हणाला, "जी कळी देठापर्यंत बुडोवन दामून लायली ती रावता. जी नुसती तेंकयली ती सुकता आनी पडटा. हें कितें व्हडलें ना." घट्ट दाबलेली राहते, टेकवलेली पडते. इतकं सोपं. मी एकवीस वर्षं ज्या नवऱ्याची समजूत काढत होते, त्याची समजूत अंगठ्याच्या एका दाबावर होती.

देवाने नकार तर दिला नव्हता ना, असं म्हणून मी यांना दुसऱ्या दिवशी परत नेलं. गाऱ्हाणं निम्मंही झालं नव्हतं, तोवर उजवी कळी टपकन खाली आली. गोकुळदासांनी ती उचलून डोळ्यांना लावली आणि पाकिटात घातली. मी पदराआड हसले. खरं सांगते, मला जरासुद्धा पाप वाटलं नाही. देवाचा वेळ वाचवला असंच वाटलं.

दोन वर्षं बरी गेली. सकाळी आठला पोदेराचा भोंपू वाजायचा, मी पाव घ्यायची, आणि त्यानंतर दिवसभर त्या वाटेवर आवाज नसायचा. धनेश राईतून उडाला तर त्याच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा. यांचा खोकला सुटला नाही, पण कमी झाला. अंगणात मिरची लावायला लागले. संध्याकाळी सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "देवान घर दिल्यान." मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, देवाने नाही, माझ्या लुगड्याने.

मग एका सकाळी गोकुळदासांना राईत खुंट्या दिसल्या. लाकडी, डोक्याला लाल चिंधी बांधलेल्या. गावातल्या कुणाला त्यांचा अर्थ कळला नसता, पण यांना खाणीवर राहून ती भाषा येत होती. टेकडीपलीकडे नवी खाण उघडत होती, आणि खनिज नदीवर बार्जपर्यंत न्यायला ट्रकचा रस्ता राईतून आखला होता. हे धापा टाकत वर देवळात गेले आणि घंटा बडवली. माणसं जमली. निवेदनावर पहिली सही यांची. चार महिने गाव एक होता, आणि माझे यजमान, भायले, म्हणजे बाहेरून आलेले, खाणीवरचे, त्या गावाच्या पुढे होते. मी त्यांना तसं ताठ उभं राहिलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

राई वाचली. कंपनीची माणसं म्हणाली, देवाच्या झाडांना आम्ही हात लावत नाही, राखीव रानात तर जायचं नावच नाही. राईच्या एका अंगाने रस्ता द्या. अंगं दोनच होती. एका बाजूला कृष्णनाथाचं कुळागर, पोफळी आणि केळी, बारमाही पाण्याचं. दुसऱ्या बाजूला आमची वाट.

"देवाक विचारूंया," कृष्णनाथ म्हणाला. सगळ्यांनी माना डोलवल्या. सगळ्यांत आधी यांनी.

त्या दिवशी देवळात उभं राहायला जागा नव्हती. मी बायकांत, खांबाला टेकून, पण गाभारा मला समोर दिसत होता. ट्रक देवळाच्या वाटेने न्यावे का, असा प्रश्न. सगुणाने डाव्या बाजूची कळी घेतली, देठापर्यंत तीर्थात बुडवली आणि अंगठ्याने दाबली, अगदी नीट, टिकली लावावी तशी. मग उजवी घेतली. ती त्याने नुसती टेकवली.

मला लाडू आठवला. आपला जावई कंपनीत वॉचमन लागला म्हणून सगुणाच्या बायकोने परवाच मला लाडू दिला होता. ती नोकरी कृष्णनाथाने लावली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी तो लाडू खाल्ला होता.

तेव्हा ओरडायला हवं होतं. ओठांपर्यंत शब्द आले होते: हा खोटेपणा आहे, डावी घट्ट दाबली, मी बघितलं. पण पुढचा प्रश्न काय आला असता? कळी घट्ट आणि हलकी असते हे तुला कुणी सांगितलं, कमलाक्षी? आणि तो प्रश्न विचारला गेला असता यांच्या समोर. हे पुढच्या रांगेत डोळे मिटून, हात जोडून उभे होते. गावाने पहिल्यांदा त्यांना पुढे उभं केलं होतं. सगुणाने गाऱ्हाणं घालता घालता एकदाच मान वळवून माझ्याकडे बघितलं. धमकी नव्हती त्यात. ओळख होती.

उजवी कळी पडली.

"देवान उजवी दिली," कृष्णनाथ म्हणाला. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून, "गोकुळदासबाब, तुकाय हांगाच दिल्ली न्हय?" तुलाही घरासाठी इथेच उजवी दिली होती ना, असं.

"दिल्ली," हे म्हणाले. "तेची इच्छा." कृष्णनाथाकडे त्यांनी रागाने बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर पाकिटातली सुकलेली कळी काढली, बघितली आणि परत ठेवली.

आता वाट रुंद झाली आहे. बाल्कांवचा एक सोपो त्यात गेला. ट्रक सकाळी सहाला सुरू होतात, एकामागे एक, मोजायचं मी कधीच सोडलं. राई उभी आहे, तांबडी. राखीव रानही उभं आहे, पाटी वाचता येत नाही. धनेश कुठे गेले ठाऊक नाही. पोदेर या वाटेने येत नाही, त्याला एकदा ट्रकने गटारात घातलं. जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, मी ओली पोती लावते, दुपारपर्यंत ती विटेसारखी होतात. तांदूळ पुन्हा चार वेळा धुते. मिरची मेली.

घर विकावं म्हटलं तर बघायला आलेला माणूस दारात पोचायच्या आधी परत फिरतो. मुलीकडे चला म्हटलं तर हे ऐकत नाहीत. "देवान हाडल्यान, देव बगतलो." मला ओरडून सांगावंसं वाटतं, देवाने नाही आणलं, मी आणलं. एकदा सुरुवातही केली होती. "अहो, त्या सोमवारी," म्हटलं. त्यांनी वर बघितलं. त्या तोंडावर विश्वासाशिवाय आता दुसरं काही उरलेलं नाही, मांस नाही, रंग नाही. मी म्हटलं, "त्या सोमवारी किती छान ऊन होतं." ते म्हणाले, "व्हय गो."

कृष्णनाथाचा मला राग येतो, सगुणाचाही येतो. पण रात्री यांची छाती घरघरायला लागली की तो राग माझ्याकडे वळतो आणि सकाळपर्यंत माझ्याजवळ बसतो. पहिल्या सोमवारी कळ्या हलल्या नव्हत्या. देव गप्प होता. तेवढंच ऐकलं असतं तर आम्ही दुसरीकडे कुठे तरी असतो.

काल त्यांना उठवेना. उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "देवळात जावन ये. माझ्यानी आता चढवणा नाय. देवाक विचार, मी बरो होतलंय काय."

आज सकाळी मी गेले. देवळात दुसरं कुणी नव्हतं. सगुणाचे केस पिकले आहेत. मी काय विचारायचं ते सांगितलं. त्याने खाली बघितलं. तबकातल्या दोन कळ्या घेतल्या, डावी तीर्थात बुडवली, लावली. उजवी हातात धरून थांबला. कुणी ऐकायला नव्हतं तरी त्याने आवाज खाली घेतला. त्यात लबाडी नव्हती, माझी कीवच होती.

"वयनी," तो म्हणाला, "ही हळूच तेंकोवं मगो?"

बाहेरून ट्रक गेला. देवाच्या अंगावरचं वस्त्र तांबडं झालं होतं. मी होकाराची मान डोलवली, आणि पदर पसरून गाभाऱ्यासमोर उभी राहिले. गाऱ्हाणं संपायच्या आतच उजवी पडली.