पाव इंचाचे खिळे

बंद पडलेल्या गोदामात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. मधोमध जाड काळा पडदा, पडद्याला हात जाईल एवढं भोक. भोकात हात घालायचा, आणि ज्यांनी तुम्हाला जन्मात पाहिलेलं नाही ते हातवाले बाबा पलीकडून तुमची उंची सांगायचे.

"पाच फूट आठ इंच!" आतून गर्जना झाली. बाहेर चेल्याने टेप लावली. पाच आठच भरली. गर्दीने आ वासला.

पुढचा पाववाला. त्याला बाबांनी पाच सहा सांगितलं, भरला पाच चार. चेला डगमगला नाही. "दोन इंच पापाने दाबलेत!" मागचा न्हावी एक इंच जास्त निघाला, तेव्हा तो इंच अहंकाराचा ठरला. थोडक्यात, बाबा काही केल्या चुकत नव्हते.

रांगेत हातमोजे कापणारी म्हातारी उभी होती. सोबत तिचा मुलगा आणि बारा वर्षांची नात. नात दिसायला आठ वर्षांची. डॉक्टरांनी तिच्या हाताचा एक्स-रे काढून सांगितलं होतं, "हाडांच्या टोकांशी वाढायला जागा शिल्लक आहे. रक्तात जे कमी पडतंय ते गोळीने भरून काढू. रोज गोळी द्या." मुलाने त्यातलं एवढंच धरलं, की उंची हातात असते. महिन्यापूर्वी त्याने गोळ्या बंद केल्या आणि पोरीला बाबांकडे आणलं. बाबांनी तिच्या बोटांना लोखंडी वजनं टांगली. बोटं टम्म सुजली. आज दुप्पट वजन टांगायचं होतं.

"आई, डॉक्टरांनीसुद्धा हातच पाहिला ना? मग बाबा वेगळं काय करतात?"

"डॉक्टरांनी पाहिला. ओढला नाही."

"तुला सगळीकडे नाक खुपसायची हौस!"

"नाक माझं, नात माझी. सरक बाजूला."

तिने भोकात हात घातला. तळव्याखाली लाकडी फळी लागली, आणि बोटांखाली बारीक खिळ्यांच्या टोप्या. एकापुढे एक, पाव पाव इंचावर. म्हातारीचे डोळे बारीक झाले. अशाच फळीवर तिने चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे हात मापले होते.

"पाच फूट तीन इंच!"

टेप लागली. चार फूट अकरा. चेला म्हणाला, "अरे बापरे! चार इंच पाप!" लोक खो खो हसले.

"पाप नाही रे, पाठ," म्हातारी म्हणाली. "पाच तीन मी लग्नात होते. पाठ वाकली, हाताची हाडं होती तेवढीच राहिली. तुझ्या बाबांना मी दिसलेच नाही. त्यांनी माझा हात मापला."

"पुढे चला! शंका घेणाऱ्याची उंची घटते!"

"आता घटून घटून किती घटणार?"

तेवढ्यात दाराशी बसलेला हमाल आपला चाकांचा पाट ढकलत पुढे आला. यंत्रात सापडून त्याचे दोन्ही पाय मांडीपासून गेले होते.

"मावशी, माझा हात चालेल का?"

"चालेल काय, पळेल!"

"अपंगांचा वार वेगळा!" चेला आडवा आला. पण पाववाल्याला आपलं पाप अजून बोचत होतं. त्याने आणि न्हाव्याने हमालाला उचलून धरलं. हात भोकात गेला.

"पाच फूट अकरा इंच!" बाबा गरजले. "ताठ उभा राहणारा गडी!"

सगळ्यांनी हमालाच्या तुटलेल्या मांड्यांकडे पाहिलं.

"बाबा," हमाल शांतपणे म्हणाला, "माझे पाय कुठे ठेवलेत तेही सांगा की!"

म्हातारीने पडदा धरला आणि ओढला. मागे चष्मा लावलेले बाबा, खिळ्यांची फळी आणि भिंतीला चिकटवलेला कागद. डावीकडे हाताचे इंच, उजवीकडे उंचीचे.

"श्रद्धा नसेल तिथे..." बाबांनी सुरुवात केली.

"तिथे टेप लावतात," म्हातारी म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापा. त्याची सव्वानऊ पट म्हणजे मोठ्या माणसाची उंची, इंच-दोन इंच इकडेतिकडे. लांब हाडांचा माणूस बहुधा उंच असतो, म्हणून जमतं. यात कसली सिद्धी? हे मला येतं, तुम्हालाही येईल." तिने मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि हात हे उंचीचं माप आहे. तराजूचं पारडं बोटाने दाबलं म्हणून पोत्यातलं धान्य वाढतं का रे?"

मुलाची मान खाली गेली. चेला नवी वजनं घेऊन उभा होता. मुलाने ती त्याच्या हातातून हिसकावली आणि बाबांच्या फळीवर आदळली. फळी दुभंगली.

नातीने सुजलेला हात आजीच्या हातात दिला. "आजी, गोळीने मी नक्की वाढेन?"

"डॉक्टर म्हणतात, वाढशील. उद्यापासून गोळी सुरू. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर रेघ मारू. रेघ वर सरकली नाही, तर डॉक्टरांना विचारायचं, का नाही म्हणून. मी चुकले तर मलाही विचारायचं." तिने चेल्याच्या गळ्यातली टेप काढून नातीच्या गळ्यात घातली. "आणि कुणी चमत्कार दाखवायला आलं, तर टेप त्याच्या हातात द्यायची नाही. आपण धरायची."