समाधानाला साठ टक्के

एक्सेल येतं म्हणून माणसानं ते घरात उघडू नये. आदिलाबादच्या एका कचेरीत हिशोब सांभाळणाऱ्या व्यंकटेशनं नेमकं तेच केलं. घरातल्या प्रत्येक खर्चाला त्यानं गरज, टिकाऊपणा आणि समाधान असे दहापैकी गुण दिले. गरजेचं वजन पन्नास टक्के, टिकाऊपणाचं तीस, समाधानाचं उरलेलं वीस. शंभरपैकी बेरीज चाळीसच्या खाली गेली की तो खर्च बंद! ‘कायदा सगळ्यांना सारखा’ असं लिहून त्यानं कागद फ्रिजवर चिकटवला आणि खाली बायकोची, चारुशीलाची सही घेतली.

पहिला बळी गेला तिच्याच रविवारचा. दर रविवारी ती तामसीला आईकडे जायची. तेलंगणात बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत, पण सोबत फळं, बिस्किटं, गुडघ्याचं तेल अशी पिशवी जायची. त्या पिशवीला बावीस गुण पडले. चारुशीला नुसती भांडी आदळत राहिली. त्या आवाजाचा अर्थ व्यंकटेशला कळत होता, पण सूत्रापुढे नवऱ्याचं काय चालतं?

चालतं की! पुढच्याच ओळीत त्याचा स्वतःचा खर्रा होता, घराजवळच्या ठेल्यावर रोज घोटून घेतलेली सुपारी-तंबाखू. गुण पंचवीस. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि समाधानाचं वजन गुपचूप साठ केलं, बाकी दोघांना वीस-वीस वाटून दिले. खर्रा टुणकन बासष्टवर गेला. तामसी मात्र विसावर घसरली. त्याला लाज वाटली, पण हायसं त्याहून जास्त वाटलं.

चारुशीला शाळेत मास्तरीण. गुणपत्रकातली खाडाखोड तिला लांबून दिसते. संध्याकाळी तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"समाधान साठ केलं, बरं केलं. मंग तामसीच्या समाधानाले दोनच काऊन?"

त्यानं सांगितलं, ती थकून येते, स्वयंपाकाला उशीर होतो, त्याचा रविवार वाया जातो.

"म्हंजे खर्च माझा अन् समाधान तुमचं मोजून राह्यले तुमी." तिनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "माय सकाळपासून ओट्यावर बसून रस्ता पाहते. तिचं समाधान कोणत्या खान्यात हाय?"

व्यंकटेश पडद्यावर तो खाना शोधू लागला. सगळे गुण त्यानं आपल्याच खुर्चीत बसून भरले होते, हे त्याला आत्ता कळत होतं.

मग चारुशीलानं नवा रिवाज काढला. माझे गुण तुमी दिले, तर तुमचे मी देईन. तामसीच्या समाधानाला दहा घातले, बेरीज अडुसष्ट. खर्ऱ्याच्या समाधानाला शून्य, बेरीज दोन. तो कुरकुरायला लागला तशी तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. अक्षर त्याचंच होतं.

रविवारी ठेला डोळ्यांपुढे नको म्हणून तोही तामसीच्या बसमध्ये बसला. तिला शून्याचं तिकीट, त्याला पूर्ण. ओट्यावर बसलेल्या देवकाबाईंनी लेकीमागे जावई पाहिला आणि गुडघे विसरून त्या उठल्याच. किती दिवसांनी आले म्हणत त्यांनी डोळे पुसले. व्यंकटेश मनात गुण देऊ लागला, तर दहा कमी पडायला लागले.

पाणी झालं, चहा झाला. मग देवकाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि सुपारी-तंबाखू जावयापुढे धरली. व्यंकटेशनं भीत भीत बायकोकडे पाहिलं.

"सासूनं दिलेलं," तो हळूच म्हणाला, "खर्चात येत नाही."

चारुशीलानं रागानं पाहायचं ठरवलं होतं, पण तिला हसूच फुटलं. तेव्हापासून रविवार उजाडला की पिशवी व्यंकटेशच भरतो.