लहानाने आधी बोलायचं

ईप्सिताने अंगातला कोट न काढताच मागच्या बाकाची कडेची जागा धरली. अपिलाच्या त्या कोर्टात प्रेक्षक म्हणून ती एकटीच होती. पुढे आरोपी फोगेल वकिलाशेजारी मान खाली घालून बसला होता.

"ऑफिसला सुट्टी टाकून कुठे निघालीस?" सकाळी नवऱ्याने, अनिमेषने, विचारलं होतं.

"कामं आहेत जरा."

खरं सांगायची सोयच नव्हती. आठ महिन्यांपूर्वी हॅनोव्हरच्या खालच्या कोर्टात ती स्वतः न्यायाधीशबाईंच्या शेजारी बसली होती, श्योफिन म्हणून. म्हणजे कायदा न शिकलेली, पण निकालात मत असलेली साधी नागरिक. फोगेलने शेजाऱ्याच्या बागेतली लाकडी खोली पेटवली, असा आरोप होता. पुरावा एकच, एका म्हातारीने संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला पळताना पाहिलं होतं.

न्यायाधीशबाई आणि दोन श्योफे, अशा तिघांपैकी दोघांनी दोषी म्हटलं की पुरे. बंद खोलीत वयाने लहान श्योफेने पहिलं मत द्यायचं आणि न्यायाधीशांनी शेवटी, म्हणजे कोणी मोठ्यांच्या दडपणाखाली येत नाही. नियम करणाऱ्यांना ईप्सिताच्या घरचं वळण कुठे ठाऊक असणार! मोठ्यांआधी तोंड उघडायचं नाही, आणि उघडावंच लागलं तर त्यांच्या मनातलं बोलायचं. तिने न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोषी."

मग दुसरे श्योफे, खाष्ट चेहऱ्याचे म्हातारे ब्राउन, म्हणाले, "नाही. अंधारून आलेलं, सत्तर मीटर अंतर. मला नाही पटत."

पटलं तर ईप्सितालाही नव्हतं. पण न्यायाधीशबाईंचं मत तिने ओळखलं होतं तेच निघालं, आणि फोगेलला अडीच वर्षांची शिक्षा झाली. खोलीतलं मत मरेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवसापासून ती घरात वेगळीच राहत असल्यासारखी राहत होती.

फोगेलने अपील केल्याचं पेपरात वाचलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सगळं पहिल्यापासून ऐकलं जाणार होतं. कोणीतरी ते सत्तर मीटर मोजणार होतं.

"श्रीयुत फोगेल," नवे न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार बाई वारल्या. पण त्यांचा जबाब वाचता येईल. तेव्हा, अपील फक्त शिक्षेपुरतं ठेवलंत, तर तुरुंगाबाहेर राहता येईल अशा शिक्षेचा विचार करू."

फोगेल वकिलाशी कुजबुजला. वकील उठला.

"शिक्षेपुरतंच."

दोषी की निर्दोष हा प्रश्न तिथेच मिटला, आता तो कोणी उघडणार नव्हतं. तासाभरात शिक्षा ठरली आणि फोगेल मोकळा झाला. ईप्सिता घाईने बाहेर पडली, पण जिन्यापाशी त्याने तिला गाठलं.

"ओळखलं मी तुम्हाला. तुम्ही आलात!" साठीचा माणूस, त्याचे डोळे भरून आले होते. "त्या दिवशी तो म्हातारा माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. तुम्ही मात्र बघत होतात. माझ्या बाजूने कोण होतं, ते मला ठाऊक आहे."

ईप्सिताने ओठ उघडले. सांगायला बंदी होती. सांगता आलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं, कोण जाणे.

त्याने हात पुढे केला. "आभारी आहे."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"त्यात काय," ती म्हणाली.