अकरा शिक्के

नगराध्यक्षांनी वाचनालयातली चाळीस पुस्तकं काढायला लावली, अशी आवई उठली आणि बाबांच्या घरी माणसांची रीघ लागली. त्या चाळिसांत बाबांचं एक होतं ना! उभ्या आयुष्यात लिहिलेलं एकुलतं एक, गावच्या नदीवरचं. आई गेल्यापासून ज्या घराची बेल फक्त दूधवाला वाजवायचा, तिथे आता खुर्च्या पुरेनात. विरोधी पक्षवाले फोटो काढून गेले. बाबा रोज दाढी करून इस्त्रीचा सदरा घालू लागले.

आणि खरं-खोटं तपासायचं काम कोणाच्या गळ्यात पडावं? त्यांच्याच लेकीच्या! वर्तमानपत्रात तिचं कामच ते.

"मला नको, घरचंच प्रकरण आहे," ती संपादकांना म्हणाली.

"दुसरं आहे कोण? तुझ्या शेजारची दोन्ही टेबलं रिकामी आहेत."

तेही खरंच होतं. गेलं वर्षभर ती त्या खोलीत एकटीच बसत होती.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, कसली बंदी नि कसलं काय! नगराध्यक्षांना आमचं दार कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नसेल. तीन वर्षं कोणी नेलं नाही की पुस्तक काढायचं, हा जुना नियम. यादी मी केली, ही माझी सही."

सहीखालची तारीख नगराध्यक्ष निवडून येण्याच्याही आधीची होती. तरी तिने चाळीसही पुस्तकं उघडली, मागच्या पानावरच्या, पुस्तक नेल्याच्या तारखांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. बाबांच्या पुस्तकात अकरा शिक्के होते, दर दोन वर्षांनी एक. प्रत्येक शिक्क्यासमोर कार्डाचा क्रमांक एकच, आणि तो तिला पाठ होता. लहानपणी बाबांच्या त्याच कार्डावर ती गोष्टींची पुस्तकं आणायची.

शेवटचा शिक्का साडेतीन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर बाबांचे गुडघे गेले. "वाचनालयातून काही आणू का?" असं तिने एकदा विचारलंही होतं. "राहू दे गं," ते म्हणाले, आणि तिने खुशाल राहू दिलं.

चार ओळी मोघम लिहिल्या असत्या तर कोणाचं काय बिघडणार होतं? नगराध्यक्षांना एक शिवी जास्त, एवढंच. पण नाही जमलं तिला. बंदी नव्हती, वाचक नव्हते, असं तिने सरळ छापलं. कार्डाचा क्रमांक तेवढा गाळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाने काढून टाकलेलं ते पुस्तक पिशवीत घालून ती बाबांकडे गेली. सहा खुर्च्या मांडलेल्या, सहाही रिकाम्या. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते.

"चोख लिहिलंस," ते म्हणाले. "एक चूक नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण माणसं येत होती गं. बरं वाटायचं."

"मला सांगायचं ना, बाबा. मी आणलं असतं तुमच्या कार्डावर."

"माझ्या कशाला? तुझंही कार्ड आहे की."

तिला तिथे बसवेना आणि उठवेना. शेवटी म्हणाली, "मी वाचलंच नाही ते. कधीच."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "बेचाळिसाव्या पानावर महापुराचं साल चुकलंय. तू वाचलं असतंस तर त्याच दिवशी धावत आली असतीस. पंचवीस वर्षं वाट बघतोय."