ओटीत घातलेली कथा

घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी काम सांगायचं, ही कुठली रीत? साळूबाई धुमसत होत्या. मनातल्या मनातच, पण भिंतीवरच्या पालीला ऐकू जाईल इतपत. सून शिवांजली लेखक गोपाळकृष्ण सरांच्या घरी आल्या आल्या स्टुलावर चढून त्यांची सन्मानचिन्हं पुसत होती. घरी साधं जळमट काढायचं म्हटलं की हिला चक्कर येते!

शिवांजलीचा नवरा जयराज फौजेत. तो ड्यूटीवर गेला की ती गोपाळकृष्ण सरांची पुस्तकं वाचायची, सासूलाही वाचून दाखवायची. माणूस लिहायचा झ्याक, त्यात खोट नाही. पुस्तकातली म्हातारी मेली त्या दिवशी साळूबाईंची भाकरी तव्यावर करपली होती. पण वाचता वाचता पोरगी सरांची बिनपगारी चाकर झाली. त्यांची प्रुफं तपासायची, गुरुपौर्णिमेला नारळ ठेवून पाया पडायची. सरांचा फोन आला की उभी राहून बोलायची आणि ते म्हणतील त्याला एकच उत्तर, "बरं सर."

मग तिनं स्वतः एक कथा लिहिली. साळूबाईंनी ते कागद कापडात गुंडाळून लाल दोऱ्यानं बांधले, कुरडयांच्या पिशवीला मारतात तशी घट्ट गाठ मारली. शिवांजलीनं ते पुडकं सरांना नेऊन दिलं. नक्कल नाही, मोबाइलवर फोटो नाही.

"गुरूला द्यायचं आन् नक्कल ठेवायची? मग इस्वास कसला, आत्ती?"

श्रावण गेला, गणपती गेले. सरांचं आपलं "वाचतोय, वाचतोय". साताऱ्याच्या एका दिवाळी अंकाला कथा पाठवायचा उद्या शेवटचा दिवस. म्हणून कडेगावाहून विट्याला गाडी बदलून दोघी सांगलीला आल्या होत्या. गाडीत साळूबाईंना एकच धास्ती होती. ही तिथं गेल्यावर "बरं सर" म्हणणार आणि हात हलवत परत येणार.

काम सांगून आत गेलेले सर बाहेर आले. शिवांजली स्टुलावरून उतरून पाया पडली.

"सर, माझी कथा..."

"वाचली. बरी आहे. पण घाई कसली? राहू दे माझ्याकडे." सरांनी चष्मा पुसला. "शिवांजली, तू उत्तम वाचक आहेस. लेखक काय, गल्लोगल्ली सापडतात. बरं, पुढच्या आठवड्यात ये, नवी प्रुफं आली आहेत."

शिवांजलीची नजर टीपॉयवर गेली. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालून कापडाचं पुडकं डोकावत होतं. लाल दोरा. कुरडयांच्या पिशवीची गाठ, जशीच्या तशी. साळूबाईंनीही पाहिली. जीभ वळवळली, पण त्यांनी ती दाताखाली दाबली. आता पोरीनं बोलायचं होतं.

पोरगी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागली. साळूबाईंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात सरांच्या पत्नी गोदावरीबाई तबक घेऊन बाहेर आल्या. दोघींना हळदीकुंकू लावलं. "पहिल्यांदाच सासूबाईंना घेऊन आलीस, ओटी भरल्याशिवाय नाही सोडणार."

शिवांजलीनं पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला. पदर तसाच पसरलेला.

"काकू," ती म्हणाली. "ते पुडकं बी घाला ओटीत. माझं हाय."

गोदावरीबाईंनी गाठीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. वर्तमानपत्रं बाजूला सारली आणि पुडकं नारळाशेजारी ठेवलं.

"अगं, मी अजून त्यावर..." सर अर्धवट उठले.

"ओटीत घातलेलं काढून घेत नाहीत," गोदावरीबाई म्हणाल्या, "एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल."

"आणि प्रुफं?" सरांनी शिवांजलीला विचारलं.

साळूबाईंनी श्वास रोखला.

"जमायचं न्हाई, सर," शिवांजली म्हणाली.

साळूबाईंच्या छातीवरचा उसाचा भारा कुणीतरी उतरवला. पोरीनं ओटी कमरेला खोचली, वाकून गोदावरीबाईंच्या पाया पडली आणि चपला शोधायला लागली. ओठ दाबून हसत होती.

दारात साळूबाई वळल्या. इतका वेळ दाताखाली ठेवलेली जीभ आता सुटली.

"सर, तुमी लिवता लय झ्याक. तुमची पुस्तकं आमी वाचणारच. पर तुमाला वाचणारी मानसं पायजेत का वाकणारी, ते एकदा ठरवा. आमच्या घरातली आजपास्नं निस्ती वाचणार!"